साठ पत्त्यांचं सोवळं

परवाच्या शनिवारी आमच्या कोथरूडच्या अड्ड्यावर एक ठराव मांडला गेला. ठराव म्हणजे काय, चहा पिता पिता एकानं जाहीर केलं की पुढच्या महिन्यापासून 'नेटडेक बंद'. ज्यानं त्यानं स्वतःचं डोकं चालवून बांधलेलाच डेक टेबलावर आणायचा, नेटवरून उतरवलेला चालणार नाही. सहा जणांनी लगेच होकार भरला. मी काहीच बोललो नाही आणि घरी येताना गाडीवर सगळी उत्तरं सुचली. माझं हे नेहमीचंच. तर ती इथे लिहितो.

पत्ते म्हटलं की ज्यांना रमी नाहीतर पाच-तीन-दोन आठवतं त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही खेळतो ते 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितवाल्या माणसानं काढलेला खेळ, १९९३ सालापासून चालू आहे. यात एकच कॅट पिसून सगळ्यांना वाटत नाहीत, प्रत्येक जण स्वतःचा डेक घेऊन येतो. कमीत कमी ६० कार्डं, आणि साधे लँड सोडले तर एकाच नावाची जास्तीत जास्त चार. दोघांचेही २० प्राण, समोरच्याचे आधी संपवायचे. लँड खाली मांडले की माना मिळतो, माना खर्चून राक्षस आणि मंत्र. आजवर पंचवीस हजारांहून अधिक वेगवेगळी कार्डं छापली गेली आहेत, त्यातली साठ निवडायची. म्हणजे खेळाचा अर्धा भाग टेबलावर बसायच्या आधीच, घरी, जमिनीवर कार्डं पसरून झालेला असतो. (आणि 'अजून पत्ते कुटतोयस का रे' हे ऐकूनही झालेलं असतं.)

तर या ठरावामागची खरी गोष्ट अशी. पावसाळ्यात एक मुलगी यायला लागली, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाची. पहिल्याच दिवशी तिनं प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "दादा, मी नवीन आहे, हा डेक मी नेटवर बघून केलाय." लाल रंगाचा, सगळी स्वस्तातली साधी कार्डं. लायटनिंग बोल्टसारखे मंत्र, म्हणजे एक माना द्या आणि तीन प्राण घ्या. तिनं त्या संध्याकाळी आम्हा पाच जणांना ओळीनं हरवलं. मग सुरू झालं. "यात तुझं काय गं? हे तर कॉपी-पेस्ट." "याला काय डोकं लागतं, माकडसुद्धा जिंकेल." चार शनिवार ती आली, हसून सोडून दिलं, आणि पाचव्या शनिवारी आली नाही. तो माकडाचा विनोद माझा होता. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं साळसूदपणाचं वाटेल.

आता ज्या डेकच्या जिवावर मी हा विनोद केला त्याची कुंडली मांडू. माझा डेक शंभर टक्के अस्सल, कुठूनही न ढापलेला. ड्रॅगनांचा. ६६ कार्डं, कारण सहा कार्डं काढवतच नव्हती, प्रत्येकाशी काहीतरी आठवण जोडलेली. लँड २०. का २०? कारण वीस हा आकडा बरा वाटला. चार शिवन ड्रॅगन, प्रत्येकाला सहा माना. दोन वर्षं मी हा डेक घेऊन हरत होतो आणि प्रत्येक हरण्याला 'नशीब' म्हणत होतो. मग एका रात्री, त्या मुलीचं येणं बंद झाल्यावर, एक्सेल उघडलं. ६६ मध्ये २० लँड असतील तर सुरुवातीच्या सात कार्डांत एक किंवा शून्य लँड यायची शक्यता ३१ टक्के. म्हणजे जवळजवळ दर तिसरा डाव मी खेळायच्या आधीच हरलेलो. ६० मध्ये २४ लँड ठेवले असते तर हीच शक्यता १४ टक्क्यांवर येते. आणखी पुढे. दुसऱ्या नंबरला खेळणारा सहाव्या टर्नपर्यंत तेरा कार्डं बघतो. त्या तेरांत माझ्या डेकमधून सरासरी चारसुद्धा लँड येत नाहीत. सहा लँड जमायला सरासरीनं वीस कार्डं लागतात, म्हणजे ड्रॅगन उतरणार तेराव्या टर्नला. तोवर आमचं तेरावं उरकलेलं असायचं :-)

गंमत पुढे आहे. तिच्या डेकमध्येही लँड वीसच होते! पण तिची जवळजवळ सगळी कार्डं एक नाहीतर दोन मानाची. दोन लँड आले की तिचा खेळ चालू, तिसरा आला तर चंगळ. तिथे वीस लँड ठेवणं हा पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय होता, माझ्याकडे वीस हा एक राउंड फिगर होता. आता सांगा, डोकं कुठल्या डेकमध्ये होतं? ते डोकं तिचं नव्हतं, कबूल. पण माझ्या डेकमध्ये तर कुणाचंच नव्हतं.

माझ्या मते 'स्वतःचा डेक' या अभिमानाखाली नेमकं हेच झाकलं जातं. आपण मोजलेलं नसतं. मोजलं तर आवडतं कार्ड काढावं लागेल, म्हणून मोजत नाही, आणि न मोजण्याला 'क्रिएटिव्हिटी' असं गोंडस नाव देतो. ऑफिसात हाच माणूस प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचा सॉर्टिंग अल्गोरिदम लिहीत बसला तर त्याला कोणी कलावंत म्हणणार नाही. बुद्धिबळात सिसिलियन बचाव खेळणाऱ्याला 'हे तुझं नाही' असं कोणी सुनावत नाही. शेकडो वर्षं लोकांनी ठोकून पाहिलेल्या चाली आहेत, पाठ कर आणि मग दहाव्या-पंधराव्या खेळीनंतर काय करतोस ते दाखव, असा तिथला हिशेब. फक्त आमच्या या खेळात सोवळं नेसून बसायचं आणि दुसऱ्याचा हात लागलेल्या साठ पत्त्यांना शिवायचं नाही.

आणि हे सोवळं खेळाच्या परंपरेतलं म्हणावं, तर तेही नाही. लाल झटपट डेकांच्या खापरपणजोबाला 'स्लाय' म्हणतात. १९९६ साली पॉल स्लाय नावाच्या खेळाडूनं तो अटलांटातल्या एका पात्रता स्पर्धेत चालवला. त्यात आयर्नक्लॉ ऑर्क्ससारखी कार्डं होती, ज्यांना बघून लोक हसायचे. पण एक मानाची इतकी, दोन मानाची इतकी, तीनची इतकी असं मोजून बसवलेलं, की प्रत्येक टर्नला हातातला सगळा माना वापरला जाईल. आज ज्याला सगळे 'माना कर्व्ह' म्हणतात त्याचा हा गाजलेला पहिला धडा. आता यातली मेख अशी, की डेकच्या रचनेमागचं डोकं जे श्नायडर या दुसऱ्याच माणसाचं होतं. स्लायनं तो चालवला आणि नाव चालवणाऱ्याचं पडलं! आमच्या ठरावानुसार बिचाऱ्या स्लायला कोथरूडात टेबलावर बसू दिलं नसतं.

खुद्द कंपनीचं काय? विझर्ड्स ऑफ द कोस्टनं १९९७ ते २००४ या काळात जागतिक स्पर्धेत गाजलेले डेक जसेच्या तसे छापून, खोक्यात घालून विकले. सोनेरी कडेची कार्डं, स्पर्धेत चालत नाहीत, पण घरी बसून विजेत्याचा डेक पत्ता न् पत्ता खेळून बघा आणि शिका. ज्यांचा खेळ आहे ते स्वतःच कॉपी विकत होते, आणि सोवळं आम्ही पाळतोय.

आता विरुद्ध बाजूचं एक म्हणणं मला मान्य आहे, आणि ते पैशाचं आहे. काही प्रकारांत जिंकणारा डेक म्हणजे एखाद्या बऱ्या लॅपटॉपची किंमत. तो नेटवरून उतरवणं म्हणजे डोकं उधार घेणं नाही, पाकीट उघडणं आहे, आणि ज्याचं पाकीट जाड तो जिंकणार हे मलाही पटत नाही. पण मग त्याचा नियम करा ना! पॉपर नावाचा प्रकार आहे, फक्त 'कॉमन' दर्जाची कार्डं चालतात, २०१९ पासून कंपनीची त्याला अधिकृत मान्यता आहे. नाहीतर घरच्या खेळात साध्या कागदावर नाव लिहून प्रॉक्सी चालू द्या. किमतीची मर्यादा घाला. पण आमच्या ठरावात किमतीचा शब्दसुद्धा नाही. उलट ठराव मांडणाऱ्याच्या 'अस्सल' डेकची किंमत त्या मुलीच्या डेकच्या निदान दहापट आहे. एवढ्यावरून काय ते समजा.

दुसरं म्हणणं, की सगळे तेच तेच डेक आणतील आणि कंटाळा येईल. याचं उत्तर द्यायला आधी नेटडेकवाल्यांना चार शब्द सुनवायला हवेत, कारण त्यांच्यातही नग कमी नाहीत. यादी उतरवायची, दोन डाव हरायचे, 'यादी भंगार आहे' म्हणून पुढच्या आठवड्यात दुसरी उतरवायची. अरे, ती यादी ज्यानं बांधली त्यानं ती एका ठरावीक शनिवार-रविवारसाठी, समोर कोण कोण येणार याचा अंदाज बांधून बांधलेली असते. पहिल्या डावानंतर बदलायची जी पंधरा कार्डांची साइडबोर्ड असते ती तर पूर्णपणे त्या अंदाजावर. ती जशीच्या तशी आमच्या अड्ड्यावर आणणं म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या पेपरची उत्तरं या वर्षीच्या पेपरात उतरवणं. आमच्याकडे आठात तिघं हिरवे मोठे राक्षस घेऊन बसतात, यादीवाल्याच्या स्पर्धेत कदाचित एकही नसेल.

खरं काम इथे सुरू होतं, आणि ते रटाळ आहे. मी गेले तीन महिने तोच लाल डेक घेऊन बसलोय, होय, तिचाच. नियम एकच, एका वेळी एकच बदल. लँड एकनं कमी केला तर बाकी काही हलवायचं नाही, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. बग शोधताना चार ठिकाणचा कोड एकदम बदलणाऱ्याला आपण काय म्हणतो ते आठवा. आणि प्रत्येक डाव लिहून ठेवायचा. हातात शेवटी कुठलं कार्ड अडकून राहिलं, लँड किती आले, हरताना काय मिळालं असतं तर वाचलो असतो. 'दहातले सात जिंकलो, बदल चांगला आहे' असं म्हणायचा मोह फार होतो. पण अगदी बरोबरीच्या दोन डेकांतही दहापैकी सात किंवा जास्त जिंकायची शक्यता १७ टक्के असते, निव्वळ नाणेफेकीनं. त्यामुळे मी आता तीस-चाळीस डावांआधी तोंड उघडत नाही, आणि तेव्हाही जरा चाचरतच.

एकसष्टावं कार्ड हा या सगळ्यातला माझा आवडता आजार. 'एकच तर जास्त आहे, काय फरक पडतो?' फरक खरंच फार पडत नाही. चार प्रती असलेलं कार्ड पहिल्या हातात यायची शक्यता ६० च्या डेकमध्ये ३९.९ टक्के, ६१ मध्ये ३९.४. अर्ध्या टक्क्यासाठी कोणी जीव देणार नाही. पण एकसष्टावं ठेवणाऱ्याला विचारा, यातलं सगळ्यात कमजोर कार्ड कुठलं? त्याला सांगता येत नाही. ज्याला सांगता येतं तो ते काढून साठवर येतो. त्या एका प्रश्नासाठी मी दोन वर्षं सहा कार्डं जास्त घेऊन फिरलो.

तीन महिन्यांत मूळ यादीतली सात कार्डं बदलली. साइडबोर्डमधली नऊ. त्या हिरव्या राक्षसांसमोर जळता मंत्र राक्षसावर टाकायचा की सरळ माणसावर, हे कुठल्याही यादीत लिहिलेलं नसतं, ते हरून हरून समजलं. आता हा डेक कुणाचा? यादीवाल्याचा, तिचा की माझा? मला खरंच सांगता येणार नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. आणि 'तेच तेच' म्हणणाऱ्यांनी दोघांनी उतरवलेली एकच यादी तीन महिन्यांनी शेजारी शेजारी ठेवून बघावी. दोघांनी काम केलं असेल तर ती सारखी राहत नाही.

गेल्या आठवड्यात तिला मेसेज केला. माकडाच्या विनोदाबद्दल सॉरी म्हटलं, तुझाच डेक चालवतोय म्हटलं, सात बदलांची यादीही पाठवली. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तीन बदल तिनंही केले होते, बाकी चारांपैकी एक चुकीचा आहे म्हणाली, कारणासकट (बरोबर होतं, काढलं ते कार्ड). पण शनिवारी येणार नाही. आता मोबाइलवर अरीनाच खेळते. 'तिथे कोणी विचारत नाही दादा, डेक कुणाचा म्हणून.'

ठरावावर मतदान पुढच्या शनिवारी आहे. माझं मत विरोधात. आणि पास झालाच, तर मी हा लाल डेक घेऊन जाणार आहे आणि त्यातली कुठली कार्डं 'स्वतःची' आहेत ते एकेक करून त्यांनाच ठरवायला लावणार आहे.