तपोवन आणि हरकतीची मुदत

गोदावरी आणि कपिला यांच्या संगमाजवळचा जो वृक्षाच्छादित भूभाग नाशिककर पिढ्यानपिढ्या तपोवन या नावाने ओळखत आले आहेत, तेथील सतराशेहून अधिक झाडे सिंहस्थ कुंभमेळ्यातील साधूंच्या वसतीसाठी, म्हणजे साधुग्रामासाठी, काढण्याची नोटीस महापालिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यावर शेकडो हरकती आल्या, सुनावणीत लोकांचा क्षोभ उसळला, आणि डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने वृक्षतोडीस अंतरिम स्थगिती दिली. या साऱ्या प्रकरणात आम्हांस विशेष खेद वाटतो तो कामाच्या क्रमाचा. आराखडा आधी सिद्ध झाला, त्याच्या आड येणारी झाडे मोजली गेली, आणि मग नागरिकांना विचारण्यात आले.

वेळ अपुरा होता, ही सबब येथे चालण्यासारखी नाही. राज्यकारभारावर अकस्मात कोसळणारी संकटे पुष्कळ असतात. पण गुरू सिंह राशीत केव्हा प्रवेश करणार आणि सिंहस्थ केव्हा लागणार हे कोणताही पंचांगकर्ता कितीतरी वर्षे आधी सांगू शकतो. २००३ चा सिंहस्थ झाला, २०१५ चा झाला, आणि त्याच वर्षी पुढचा २०२७ मध्ये येणार हे ठाऊक होते. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान, हे वेळापत्रकही जाहीर झालेले आहे. मेळ्याची तजवीज प्रशस्त हवी याविषयी दुमत नाही. २००३ साली याच नाशकात अरुंद वाटेवरच्या चेंगराचेंगरीत भाविकांचे प्राण गेले, त्याचे स्मरण या शहराला आहे, आणि रस्ते, घाट, पाणी व शौचालये यांवर होणारा खर्च आम्ही अनाठायी मानत नाही. परंतु जी निकड बारा वर्षे आधी ठाऊक होती, तिचे ओझे शेवटच्या वर्षी झाडांवर आणि हरकतदारांवर टाकणे न्याय्य नव्हे.

कायदा या बाबतीत दुबळा नाही. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील वृक्षाला वारसा वृक्षाचे स्थान मिळाले, मोठ्या संख्येच्या वृक्षतोडीची दरखास्त राज्य प्राधिकरणाकडे नेण्याचे बंधन आले, आणि तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे तितकी नवी झाडे लावावीत असा दंडक झाला. अर्थात नोंदवहीतील वयाच्या रकान्यात कोणता आकडा पडतो, यावर सर्व काही अवलंबून राहिले. बुंध्याभोवती टेप धरून घेर मोजायचा, जात लिहायची, आणि घेरावरून वयाचा अंदाज बांधायचा, अशी ही रीत आहे. चिंच सावकाश वाढते, सुबाभूळ झपाट्याने; एकाच घेराची दोन झाडे वयाने वीस-वीस वर्षांनी भिन्न असू शकतात. हे झाड माझ्या लग्नाच्या साली माझ्या खांद्याएवढे होते, असे सांगणारा पंचवटीतील वृद्ध गृहस्थ ही त्या रकान्याची खरी रुजवात आहे. त्याचे म्हणणे आराखड्यापूर्वी ऐकले, तर मंडपाची रांग चार हात सरकविता येते. नंतर ऐकले, तर फार तर त्याच्या अर्जावर शेरा पडतो.

पंधरा हजार नवी झाडे लावण्याची घोषणा झाली आहे. ती अमलात यावी, अवश्य यावी; पण तिने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण कोणते झाड कशासाठी जाते आणि त्यावाचून भागते की नाही, हे संख्येने कळत नाही.

तपोवनापलीकडेही हीच व्यथा आहे. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाविषयी केंद्र सरकारची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना जनसुनावणीसाठी किमान तीस दिवसांची पूर्वसूचना सांगते, अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कचेरीत व जिल्हा परिषदेत पाहावयास ठेवावयास लावते. मात्र लोकभाषेत केवळ त्याचा सारांश मिळतो, मूळ शेकडो पृष्ठे बहुधा इंग्रजीत असतात, आणि इमारतींच्या प्रकल्पांना तर जनसुनावणीतून सूटच आहे. या अधिसूचनेच्या जागी आणू पाहिलेल्या २०२० च्या नव्या मसुद्याने तीस दिवसांचे वीस करू पाहिले, तेव्हा तो मसुदाच राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करून द्यावा, असा हुकूम दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीचे पाणी उद्या आटावयाचे, त्याला परिणामांचा तपशील परभाषेत वाचावयास सांगणे आणि त्याचे मौन ही संमती समजणे, हा अन्याय आहे, आणि तो वर्षानुवर्षे चालू आहे.

महापालिकेने आता साधुग्रामाचा सुधारित नकाशा, प्रत्येक झाड त्याच्या क्रमांकासह, जातीसह आणि अंदाजित वयासह दाखवून, मराठीत, पंचवटीच्या विभागीय कार्यालयात लावावा, आणि नागरिकांना तो हातात घेऊन तपोवनात प्रत्यक्ष फेरतपास करू द्यावा. ज्या झाडाभोवती तंबू उभा राहू शकतो तेथे तो तसाच उभारावा. पूर्वीच्या मेळ्यांत साधूंनी वृक्षांच्या सावलीतच धुनी पेटविली होती. आणि सिंहस्थ संपून ध्वज उतरेल, त्या महिन्यापासूनच २०३९ च्या आराखड्याचे दफ्तर उघडावे. त्यातील पहिला कागद तपोवनातील तेव्हाच्या झाडांच्या नोंदीचा असावा.