नुक्ता आणि वजीफा

तुमच्या वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असेलच, जिच्या वहीची मागची पाने चित्रांनी भरलेली असतात. घरी तिला ऐकावे लागते, "चित्रांनी का पोट भरते?" मग कोणी समजूत घालते, "शिष्यवृत्ती मिळाली, तर पुढे पाहू." शिष्यवृत्ती म्हणजे तुम्ही घरी ज्याला वजीफा म्हणता तोच. मला हे 'पुढे पाहू' पटत नाही.

चित्रकार सय्यद हैदर रझा यांचेच पाहा. त्यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रदेशातील बाबरिया या खेड्यात झाला. शाळेत त्यांचे लक्ष लागेना, तेव्हा शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले. पुढे ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकण्यासाठी १९४३ मध्ये त्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. पण पोहोचायला उशीर झाला आणि हातची जागा गेली! रझा परत फिरले नाहीत. छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या एका स्टुडिओत त्यांनी नोकरी धरली. दिवसा काम आणि उरलेल्या वेळात चित्रे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. नंतर जे. जे. मध्येही ते शिकले.

१९४८ मध्ये काश्मीरात त्यांना कार्तिये-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार भेटले. तुमच्या चित्रांची बांधणी कच्ची आहे, सेझान या चित्रकाराचा अभ्यास करा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. रझांनी ते मनावर घेतले व ते फ्रेंच शिकू लागले. १९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा पॅरिसला जाऊन काय शिकायचे, हे त्यांना आधीच ठाऊक होते.

शिष्यवृत्ती नको, असे मी म्हणत नाही. कागद आणि रंग महाग असतात. गरिबाच्या मुलाला निवांत वेळ तर त्याहून महाग! हा वेळ शिष्यवृत्ती देते. पण पाहण्याची सवय ती देऊ शकत नाही.

भिंतीवरचा तो ठिपका रझा विसरले नाहीत. पन्नाशी उलटल्यावर तोच 'बिंदू' होऊन त्यांच्या चित्रांत आला आणि जगभर ओळखला गेला. तुम्हांला याचे नवल वाटू नये. तुमच्या लिपीत एक नुक्ता खाली दिला की 'बे' होतो, दोन वर दिले की 'ते'. नुक्त्याची किंमत तुमच्याइतकी कोणाला कळणार?

आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरात पाहण्यासारखे काय कमी आहे? बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. आपण तिथे जातो, फोटो काढतो, भेळ खातो आणि परततो. पुढच्या वेळी पेन्सिल न्या. जाळीचा एकच तुकडा वहीत उतरवा. पहिल्या दिवशी तो चुकेल. कुठे चुकला, हे शोधायला दुसऱ्यांदा जावे लागेल.