खडक, घोडे आणि पाच चेहरे

बड बोएटिकरचा ‘राइड लोनसम’ (१९५९) हा चित्रपट अवघ्या ७३ मिनिटांचा. कमी पैशांत, झटपट उरकलेल्या वेस्टर्नपटांच्या रांगेत तो बसवला जातो, आणि जाणकार मंडळीही त्याच्याबद्दल कौतुकाने बोलताना ‘पैशांच्या मानाने’ हे शब्द जोडतात. मला ते पटत नाही. त्याच्याकडे नुसता चित्रपट म्हणून पाहावं.

मी प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करते. हाताशी मोजके दिवे असले की माणूस नेमका कुठे उभा करायचा, याचा विचार आपोआप वाढतो. तोच विचार इथे प्रत्येक चौकटीत दिसतो. गाव नाही, दारूचा गुत्ता नाही, गर्दी नाही. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळचे अलाबामा हिल्सचे गोलसर, तांबूस खडक आणि मागे सिएरा नेवाडाची उंच रांग. छायाचित्रकार चार्ल्स लॉटन ज्युनियरने सिनेमास्कोपची ती लांबरुंद चौकट घोडेस्वारांनी भरली आहे. घोडे संथ चालतात, कॅमेरा त्यांच्या बाजूने चालतो, बोलणं मध्ये न तुटता होतं. बोलणारा पुढे असतो, पण माझं लक्ष मागून ऐकणाऱ्याकडे जातं. आधी खडक, मग वाळू, मग झाडी. प्रवास कुठवर आला ते जमीनच सांगते.

नायक ब्रिगेड म्हणजे साठीतला रॅन्डॉल्फ स्कॉट. चेहऱ्यावर जवळजवळ काहीच हलत नाही. खुनी बिलीला पकडून तो निघालाय, पण एवढ्या उघड्यावरून आणि इतक्या सावकाश का? बर्ट केनेडीच्या पटकथेने हा प्रश्न बराच वेळ धरून ठेवलाय, आणि स्कॉटच्या त्या बंद चेहऱ्यामुळेच तो टिकतो.

सगळ्यात लोभस आहेत ते पर्नेल रॉबर्ट्स आणि जेम्स कोबर्न. बिलीला कायद्याच्या हवाली करणाऱ्याला माफी मिळणार, म्हणून हे दोन गुन्हेगार मागे लागलेत. त्यासाठी ब्रिगेडला मारावं लागेल, हेही रॉबर्ट्स लपवत नाही. तरी तो आवडतो. कोबर्नचा हा पहिलाच चित्रपट. माफी मिळाली की तुला शेतीवाडीत भागीदार करीन, कारण तू मला आवडतोस, असं रॉबर्ट्स त्याला सांगतो. कित्येक वर्षं सोबत फिरलेल्या त्या उंच, हडकुळ्या माणसाला हे ठाऊकच नसतं. कोबर्नच्या तोंडावर जे भाबडं नवल उमटतं, ते मी पुन्हा पुन्हा पाहते. पुढच्याच वर्षी ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’मधला सुरीबहाद्दर म्हणून तो जगाला माहीत झाला.

कॅरन स्टीलच्या वाट्याला मात्र पुरुषांच्या नजरा झेलणंच जास्त आलं, आणि मूळ रहिवासी इथेही फक्त हल्ला करायला येतात. तिथे हा चित्रपट त्याच्या काळापुढे गेलेला नाही.

ली व्हॅन क्लीफ पडद्यावर फार थोडा वेळ असतो. तो बिलीचा भाऊ, आणि ब्रिगेडला खरा हवाय तो हाच. जुन्या घोर अपराधाची गोष्ट निघते तेव्हा, आपण ते जवळजवळ विसरलोच होतो, असं तो सहज म्हणून जातो. क्रौर्य म्हणून एवढं पुरतं.

आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांनी वेस्टर्नचा महोत्सव भरवताना फोर्ड आणि लिओनीच्या जोडीला हा चित्रपट ठेवावा, तोही मोठ्या पडद्यावर. फोनच्या पडद्यावर त्या चौकटीत मागे बसून ऐकणारा माणूस दिसतच नाही.