पहिला चीक टाकू नका

बाळंतपण डागा दवाखान्यात झाले तरी घरची एखादी म्हातारी हमखास म्हणते, "पिवळा चीक पिळून टाक, मध चाटव." भगिनींनो, आजीचा मान ठेवा, पण हे ऐकू नका. मध तर वर्षाच्या आत देऊच नये.

चिकात रोगप्रतिकारक प्रतिपिंडे भरपूर असतात. ती बाळाच्या रक्तात फारशी जात नाहीत. घसा-आतड्यांच्या ओल्या अस्तरावर राहून हगवणीच्या जंतूंना चिकटू देत नाहीत. हा लेप टिकत नाही, म्हणून बाळाला वरचेवर पाजावे लागते. आईच्या आसपास जे जंतू, त्यांच्यावरचीच प्रतिपिंडे तिच्या दुधात उतरतात. डब्याच्या दुधात ती कुठून येणार? ज्यांना आईचे दूध मिळत नाही अशा बाळांसाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली दुग्धपेढी निघाली. आपल्याकडे मात्र चीक मोरीत जातो. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घ्या.