रक्त निर्मळ, पण मेंदूचे काय?

रक्तात एचआयव्हीचे विषाणू मोजण्याइतके आढळले नाहीत, की उपचार लागू पडले असे मानले जाते. निकष बव्हंशी योग्यच आहे. मात्र मेंदूबाबत तो नेहमीच खरे सांगतो असे नाही.

संसर्गानंतर थोड्याच दिवसांत विषाणू मेंदूत शिरतो. औषधांना मात्र तेथे सहज प्रवेश नाही. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि त्यांतील काही प्रथिने आत आलेले औषध पंपाप्रमाणे परत रक्तात ढकलतात. रक्तातील प्रथिनांना बांधले गेलेले औषधही अडून राहते.

कॅलिफोर्नियातील डॉ. स्कॉट लेटेंड्रे व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये औषधांना मेंदूप्रवेशाचे गुण देण्याची पद्धत मांडली. २०१० च्या सुधारित तक्त्यात झिडोव्ह्युडिन व नेव्हिरापिनला ४, तर टेनोफोविरला अवघा १ गुण मिळाला. मग जास्त गुणांची औषधे द्यावीत, हा निष्कर्ष सोपा वाटतो. तो टिकला नाही. २०१४ मधील एका छोट्या चाचणीत अशा औषधांचा लाभ दिसला नाही, तर त्याच वर्षी युरोप-अमेरिकेतील मोठ्या पाहणीत जास्त गुणांच्या औषधांवरील रुग्णांत स्मृतिभ्रंश अधिक आढळला. मेंदूची लक्षणे असणाऱ्यांनाच ही औषधे दिली गेली असावीत, अशी शंका राहते. शिवाय मेंदूत पोहोचणारे औषध मेंदूला त्रासही देऊ शकते. एफाव्हिरेन्झने पडणारी भयानक स्वप्ने रुग्णांच्या परिचयाची आहेत.

भारतात एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत औषधे मिळतात. आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्राविर ही एकत्रित गोळी दिली जाते. यातील डोल्युटेग्राविर मेंदूभोवतीच्या द्रवात परिणामकारक प्रमाणात पोहोचते, ही जमेची बाजू.

खरी चिंता जुन्या, दुसऱ्या फळीच्या औषधांवरील रुग्णांची आहे. रक्तात विषाणू दबलेला आणि मेंदूभोवतीच्या द्रवात मात्र वाढलेला, अशा रुग्णांची नोंद पुण्यातील डॉक्टरांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील अनेक जण रिटोनाविरच्या जोडीने दिल्या जाणाऱ्या औषधांवर होते. विसरभोळेपणा, तोल जाणे, झटके ही लक्षणे अहवाल चांगला आहे म्हणून वय किंवा ताणाच्या खाती टाकली जाण्याचा धोका असतो. निदानासाठी पाठीच्या कण्यातून द्रव काढावा लागतो. ही तपासणी नेहमीच्या वेळापत्रकात नाही आणि सरसकट करणे व्यवहार्यही नाही. ती डॉक्टरांनी शंका घेऊनच सांगावी लागते. वेळीच केल्यास औषधे बदलता येतात आणि त्यानंतर अनेक रुग्ण सुधारल्याचे दिसले आहे.