कसतो कोण आणि सातबारा कुणाचा?

२६ मार्च २०२०. टाळेबंदीला दोन दिवस झाले नव्हते आणि दिल्लीत गरीब कल्याणाची पेटी उघडली. शेतकऱ्याला दोन हजार! टाळ्या पडल्या. पण हे पैसे नवे नव्हतेच. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार ठरलेलेच होते. त्यातला एप्रिल ते जुलैचा हप्ता लवकर टाकला आणि त्याला मदत म्हटलं. मालकानं पगार एक तारखेला दिला आणि बोनस दिला म्हणून गावभर सांगत सुटला, तशातली गत.

बरं, ते तरी कुणाला? शेतकऱ्याला. शेतकरी कोण? १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याच्या नावावर जमीन तो. घाम कुणाचा, पेरा कुणाचा, विचारायचं नाही. सातबारा दाखव! बटईनं करणारा शेतकरी नाही. मजूर शेतकरी नाही. बीड जिल्ह्यात गायरान फोडून तीस वर्षं बाजरी काढणारा माझा चुलता शेतकरी नाही. त्याच्या बांधाला बांध लावून ज्याची पन्नास एकर आहे आणि जो पुण्यात राहतो, तो मात्र शेतकरी. दोन हेक्टरची अट होती, तीही २०१९ च्या जूनमध्ये उठवली. पुढं माहिती अधिकारात बाहेर आलं, जुलै २०२० पर्यंत साडेवीस लाखांच्या आसपास अपात्रांना १,३६४ कोटी गेले. त्यात निम्म्याहून जास्त आयकर भरणारे!

दोन एकर कोरडवाहूवाल्या कुणब्याला दोन हजार मिळाले, त्याचं आम्हाला दुखत नाही. त्याच्याही हातात कोयताच आहे.

हप्ता जमा होत होता तेव्हा बीडची माणसं कुठं होती? कोल्हापूर-सांगलीकडं, कारखान्याच्या फडात. देश बंद, गाळप चालू. कोपीत पोरं घेऊन बसलेली, मुकादमाची उचल डोक्यावर. घरी जायची परवानगी निघाली ती एप्रिलच्या मध्याला. बाईच्या जनधन खात्यात महिना पाचशे, तेही तीन महिने, तेही खातं असेल तर. (रेशनचे पाच किलो मिळाले म्हणून हात जोडायचे का?)

सरकारला ठाऊक नाही का, गायरान कोण कसतो? चांगलं ठाऊक आहे. तलाठ्याकडं गाव नमुना १-ई नावाचं रजिस्टर असतं. त्यात अतिक्रमण करणाऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र. म्हणजे आम्ही कसतो हे सरकार स्वतःच्या हातानं लिहून ठेवतं. फक्त गुन्हा म्हणून लिहितं. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीनांनी तुरुंग भरले ते याच जमिनीसाठी. १९९१ मध्ये सरकारनंच निर्णय काढला, १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करू. चुलत्याची फाईल अजून फिरतेय. २०२३ मध्ये राज्यानं नमो शेतकरीचे आणखी सहा हजार जोडले. यादी तीच!

आपल्यातलेच काही शहाणे सांगतात, शेतकऱ्यांच्या एकजुटीत जात आणू नका. अरे, आम्ही कुठं आणली? ती सातबाऱ्यावर आधीच बसलीय.

मागणी एवढीच: १-ई वरचं नाव पीएम किसानच्या यादीत कसणारा म्हणून घ्या. शहरातल्या पोरांनी या सुट्टीत गावाकडं जावं आणि १-ई ची नक्कल माहिती अधिकारात मागावी. फी दहा रुपये. पोच घेतल्याशिवाय हलू नका.