खरी थाप

आपल्याकडे कुणी थाप मारली म्हटलं की तो खोटं बोलला असं समजायचं. ब्राझिलियन जिउजित्सूमध्ये मात्र थापेइतकी खरी गोष्ट नाही. समोरच्याने हात पिरगाळला किंवा गळा आवळला आणि सुटका नाही असं कळलं, की त्याच्या अंगावर नाहीतर गादीवर हाताने थापा द्यायच्या. म्हणजे, हरलो, सोड! तो तत्क्षणी सोडतो. हाडं मोडणारे डाव रोज शिकता येतात ते या थापेमुळेच.

हे आठवण्याचं कारण अँतोनियो रॉड्रिगो नोगेरा. ब्राझीलच्या बाहिया राज्यातला हा मल्ल लहानपणी ट्रकखाली सापडला, काही दिवस बेशुद्ध होता, अनेक महिने इस्पितळात होता. त्या अपघाताची मोठी खूण पाठीवर घेऊन तो जिउजित्सू शिकला आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये उतरला. २००१ साली जपानच्या 'प्राइड' स्पर्धेत तो हेवीवेट विजेता झाला. २००२ मध्ये त्याच्या दीडपटीहून जड असलेल्या बॉब सॅपने त्याला उचलून डोक्यावर आपटलं. तरी दुसऱ्या फेरीत यानेच सॅपचा हात कोपरातून उलटा ताणून त्याला थाप द्यायला लावली. २००८ मध्ये अमेरिकेच्या 'यूएफसी'चं हंगामी विजेतेपदही मिळवलं. चिकाटी म्हणतात ती हीच.

पण डिसेंबर २०११ मध्ये टोरांटोला वेगळंच घडलं. फ्रँक मीरला ठोसे मारून नोगेराने जवळजवळ लोळवलं होतं. मग तो गळा धरायला गेला, मीर उलटला आणि त्याने 'किमुरा' नावाच्या पेचात नोगेराचा हात पकडला. पेच पुरता बसला होता. नोगेराने थाप दिली नाही. दंडाचं हाड मोडलं!

या डावाला किमुरा हे नाव मिळालं ते १९५१ मध्ये. जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुराने रिओत एलिओ ग्रेसीला असंच पकडलं, तेव्हा एलिओनेही हार मानली नाही. त्याच्या बाजूच्या माणसांनाच लढत थांबवावी लागली. या विद्येत न हरण्याचा अभिमान असा जुना आहे.

'मोडेन पण वाकणार नाही' म्हणून लोक याचं कौतुक करतात. मला ते पटत नाही. सॅपविरुद्ध नोगेरा मार खात होता, पण डोकं चालवून वाट शोधत होता. टोरांटोत वाट उरली नव्हती. लढत तर गेलीच, वर हातात पट्टी आणि स्क्रू बसले. पहिली चिकाटी, दुसरा हट्ट. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, हीच अडचण आहे.

माझा नातू पुण्यात जिउजित्सूच्या क्लासला जातो. त्याने नोगेराचा सॅपशी झालेला सामना दहादा बघावा. टोरांटोचाही बघावा, पण शौर्य म्हणून नव्हे. वर्गात इतकी वर्षं उभा राहिलो. 'सर, जमत नाही' म्हणणाऱ्या मुलाला मदत करता यायची. गप्प बसणारा थेट निकालाच्या दिवशी कळायचा. आपल्या घरांतही छातीतली कळ आणि डोक्यावरचं कर्ज असंच लपवलं जातं ना?

नोगेरा २०१२ मध्ये परतला आणि रिओत जिंकला. जून २०१३ मध्ये फोर्तालेझाला फाब्रिसिओ वेर्दुमने त्याचा हात अडकवला, तेव्हा मात्र त्याने तोंडाने हार कबूल केली. त्याला कोणी भित्रा म्हटलं नाही. २०१५ मध्ये तो निवृत्त झाला, २०१६ मध्ये यूएफसीने त्याला आपल्या मानकऱ्यांत घेतलं. मला तर वेर्दुमसमोरचा नोगेराच जास्त शहाणा वाटतो.

असो. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा. पण तुमच्या मुलाचा हात त्या पेचात आहे अशी कल्पना करून मग लिहा.